टेबलावर जुळे, पायात सावत्र : मोज्यांचा जोड जमेना

सुलट_उलट (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. इथले विणकामाचे धागे वर्षभर नुसते वाचत असतो. आज पहिल्यांदा लिहितोय, कारण डोकं चालायचं बंद झालंय.

आप्पांसाठी (सासरे, वय ७८) मोजे विणायला घेतले. आप्पा पहाटे साडेपाचला रंकाळ्यावर फिरायला जातात. बारा महिने, पावसातसुद्धा. पायात कायम कोल्हापुरी, बूट घातला की पाय गुदमरतो म्हणतात. गेल्या थंडीत टाचा फुटून रक्त आलं तेव्हा दुकानातले मोजे आणून दिले. ते घोट्याला आवळतात म्हणून खुंटीवर गेले. मग म्हटलं, आपणच विणूया.

पहिला मोजा दिवाळीच्या सुट्टीत केला. ६४ टाके, वरून सुरुवात, दोन सुलट दोन उलट अशी १५ सेंमी, मग टाच, पाऊल, बोटं. झकास झाला. आप्पांनी तो एकाच पायात घालून अख्ख्या गल्लीला दाखवून आणला. दुसरा कधी, दुसरा कधी असं शेजारचे विचारायला लागले.

दुसरा संपायला मार्च उजाडला. लोकर तीच, नमुन्याचा कागद तोच, टाके तेवढेच. टेबलावर एकावर एक ठेवले की काठाला काठ लागतो, लांबीत सुतभर फरक नाही. पण पायात घातले की दुसरा आखूड पडतो! टाच खाली ओढली जाते, तळव्याखाली गोळा होते. आप्पा म्हणाले, "हा धाकटा दिसतोय. थोरला बरा होता."

टेबलावर सारखे आणि पायात वेगळे, हे होतं तरी कसं? फोटो टाकलाय.

मोरपंखी_पुणे

दादा, पुरुष असून एवढं नाजूक काम करता, खरंच कौतुक वाटलं. मोज्यांबद्दल काही सांगू शकत नाही, पण धागा आवडला.

सुलट_उलट

अहो मी बाई आहे :) आमच्यात "मी आलो, मी बसलो, मी करतो" असंच बोलतात बायका. पुण्याच्या नणंदेनं लग्नात आठ दिवस हसून घेतलंय, तुम्ही पण हसून घ्या.

रंकाळ्याचा_वारा

नाद खुळा वैनी. आप्पांच्या पायाची लांबीच वेगळी असंल, दोन्ही पाय सारखे कुणाचे असत्यात? मी फुटबॉल खेळतो, माझा डावा पाय अर्ध्या नंबरानं मोठा हाय. आदलाबदल करून बघा की.

सुलट_उलट

बघितलं भावा. धाकटा कुठल्याही पायात धाकटाच.

दोनाचा_एक

आधी थोडी माहिती द्या, मग बोलू. मी चाळीस वर्षं विणतेय आणि माझा अनुभव असा की "सगळं तेच वापरलंय" असं म्हणणाऱ्या माणसानं काहीतरी एक बदललेलं असतंच.

पट्टी घ्या (टेप नको, तो ताणला जातो). मोजा न ताणता सपाट ठेवा. पावलाच्या भागात, जिथं सगळे टाके सुलट आहेत तिथं, १० सेंमीत आडवे किती टाके आणि उभ्या किती ओळी बसतात ते दोन्ही मोज्यांवर मोजा. काठाजवळ मोजू नका. टाचेचा पडदा (टाचेमागचा सपाट विणलेला तुकडा) किती ओळींचा केला आणि ती संख्या मोजून केली की पट्टीनं मापून, तेही सांगा. फोटोत ओळी दिसत नाहीत, उजेडात काढून परत टाका.

धुकंच_धुकं

+१. आणि लॉट नंबर सारखा आहे का तेही बघा, म्हणजे रंगाचा प्रश्न मागाहून यायला नको. मी गेली नऊ वर्षं स्कॉटलंडमध्ये आहे. इथं बायका मोजा विणून झाला की पायाआधी एकमेकींच्या पट्टीला लावतात. (कोल्हापुरात थंडी कुठली हो, असं विचारणार होते. पण पहाटे साडेपाचचा रंकाळा म्हटल्यावर गप्प बसते. लहानपणी तो वारा खाल्लाय.)

सुलट_उलट

मोजलं. मोजताना चष्मा दोनदा पुसला.

थोरला : १० सेंमीत ३० टाके, ४० ओळी.
धाकटा : १० सेंमीत ३२ टाके, ४४ ओळी.

टाचेचा पडदा दोन्हीकडे ३२ ओळी, मोजून. वरची नळी आणि पाऊल मात्र पट्टीनं मापत केलं, नळी १५ सेंमी झाली की टाच, असं.

म्हणजे धाकटा घट्ट विणलाय एवढं कळलं. पण लांबी तर सारखी आहे ना?

दोनाचा_एक

सापडला चोर. हिशोब करू.

६४ टाके ३०च्या हिशोबानं २१.३ सेंमी घेर देतात. तेच ६४ टाके ३२च्या हिशोबानं बरोबर २० सेंमी. आप्पांच्या पावलाचा घेर किती? बहुतेक २३च्या आसपास असणार. मोजा पायापेक्षा थोडा लहानच करायचा असतो, दहा टक्क्यांच्या आसपास, म्हणजे तो अंगाला धरून बसतो. २१.३ त्यात बसतं. २० म्हणजे जास्तीचं आवळलं. विणलेलं कापड आडवं ताणलं की उभं आखडतं, रबराच्या जाळीसारखं. म्हणून टेबलावर सारखा आणि पायात आखूड.

खरा घोळ मात्र टाचेत आहे. नळी आणि पाऊल तुम्ही मापून केलं, म्हणून ते सेंटीमीटरला सारखं आलं. टाचेचा पडदा मोजून केला, आणि ३२ ओळी थोरल्यात ८ सेंमी होतात, धाकट्यात ७.३. टाचेच्या पडद्यात एक टाका न विणता उचलतात, त्यामुळे तिथं माप आणखी थोडं वेगळं भरेल, पण फरक राहतोच. ही पाऊण सेंटीमीटरची खोली कमी पडली की टाच आपल्या जागी पोचत नाही आणि मोजा तळव्याखाली जातो. घडी घालून टेबलावर ठेवलात तर पडद्याची खोली दिसत नाही, म्हणून तुम्ही फसलात.

आता सांगा, सुया कुठल्या?

सुलट_उलट

घेर २३च निघाला! तुम्ही आप्पांना ओळखता का काय?

सुया त्याच. म्हणजे... थांबा, खरं सांगतो. थोरला आईच्या स्टीलच्या पाच सुयांवर केला, दोन्हीकडं टोक असलेल्या, १२ नंबर. त्यातली एक गारगोटीला जाताना एसटीच्या सीटच्या फटीत गेली. मग इथं एका दुकानातून (नाव नको) बांबूच्या पाच आणल्या. त्यावर २.५ लिहिलंय. दुकानदार म्हणाला १२ नंबर म्हणजेच अडीच, बिनघोर न्या.

धुकंच_धुकं

अगं बाई! १२ नंबर म्हणजे २.७५ मिलीमीटर. तो जुना ब्रिटिश क्रमांक आहे, त्यात आकडा वाढला की सुई बारीक होते. १३ नंबर २.२५ची. अमेरिकेचा क्रमांक याच्या बरोबर उलटा चालतो, तिथं नंबर १ म्हणजे २.२५ आणि पुढं आकड्याबरोबर जाडी वाढते. इंटरनेटवरून कागद उतरवायचा आणि सुया आजीच्या पेटीतून काढायच्या, यात निम्म्या महाराष्ट्राचे स्वेटर वाया गेलेत. नंबर विसरा, मिलीमीटर बघा. भोकांची मापपट्टी मिळते, सुई घालून बघायची. नसेल तर व्हर्नियर असलेला लेथवाला गाठा. कोल्हापुरात त्यांना काय तोटा!

रंकाळ्याचा_वारा

शिरोली आणि उद्यमनगरात घरटी एक व्हर्नियर हाय. मीच मोजून देतो वैनी, मामाचं वर्कशॉप हाय. पण पाव मिलीमीटरनं एवढा इस्कोट होतोय?

दोनाचा_एक

६४ टाके गुणिले पाव. शिवाय स्टीलवर टाका घसरतो, बांबू त्याला धरून ठेवतो. विणणाऱ्याचा हात त्यानुसार आपोआप बदलतो, तिला कळतसुद्धा नाही.

आणखी एक विचारते, राग मानू नका. दुसरा मोजा विणताना मन थाऱ्यावर होतं का?

सुलट_उलट

नव्हतं. आईचं गुडघ्याचं ऑपरेशन होतं. अर्धी टाच दवाखान्याच्या बाकावर बसून झाली.

दोनाचा_एक

मग सुई २.७५ची असती तरी तो जरा घट्टच आला असता. माझ्याकडं एक स्वेटर आहे, त्याच्या डाव्या बाहीवर बरोबर कळतं की फोन कुठल्या ओळीला आला होता. आई कशी आहे आता?

सुलट_उलट

चालतीय. काठी घेऊन अंबाबाईला जाऊन आली गेल्या शुक्रवारी.

माजी_हवालदार

विणकाम येत नाही, मोज्याचं कळतं. लेहला दोन हिवाळे काढलेत. बुटाच्या आत मोज्याची एक सुरकुती म्हणजे संध्याकाळपर्यंत एक फोड. टाच जागेवर नसलेला मोजा फेकून द्यायचा, त्याच्यावर दया करायची नाही. आम्हाला आतला पातळ आणि बाहेरचा लोकरीचा असे दोन घालायला सांगायचे. ओला झाला तर तिथंच बदल. लोकर ओली झाली तरी ऊब देते, सुती मोजा ओला झाला की पाय गारठलाच. बहिणीनं घरून पाठवलेला एक जोड मी निवृत्त होईपर्यंत वापरला. सांगायचं एवढंच की टाच नीट करा.

गुजरी_गल्ली

माझे दोन आणे. जोड जमायचा तर लोकर आधीच अर्धी करून ठेवा. १०० ग्रॅमचा गुंडा असतो, त्याचे ५०-५०चे दोन. आमचे हे सराफीत आहेत, त्यांच्या काट्यावर मी गुंडा करते, दशांश ग्रॅमपर्यंत. दुकानात गिऱ्हाईक बसलेलं असतं गंठण बघत आणि ही बाई लोकर तोलतीय. सासूबाई म्हणतात, सोनं तोलताना एवढं बघत नाहीस.

रंगीत पट्ट्यांची लोकर असली तर मात्र नुसतं वजन चालत नाही. लोकर सोडत जायचं, पहिला मोजा ज्या रंगावर सुरू केला तोच रंग परत आला की तिथून दुसरा सुरू. काही वेळा दुसरा गुंडा उलटा गुंडाळलेला असतो, पिवळ्यानंतर हिरवा यायचा तर हिरव्यानंतर पिवळा येतो. दोन फेऱ्यांनंतर लक्षात आलं तर ठीक. मला टाचेला लक्षात आलं. मुलगी तशीच घालून कॉलेजला जाते, म्हणते हीच फॅशन आहे.

धुकंच_धुकं

या सगळ्यावर उपाय म्हणजे दोन्ही मोजे एकदम विणायचे. लांब केबलची गोल सुई घ्यायची, ८० सेंमी ते १ मीटर, आणि केबलचा फासा बाहेर काढत एकाच सुईवर दोन मोजे शेजारी शेजारी. एकाची ओळ झाली की दुसऱ्याची. मन उदास असलं तर दोन्ही उदास होतात, जोड मात्र जमतो. दुसरा मोजा कधीच पूर्ण न होण्याचा जो सार्वत्रिक आजार आहे, त्यावरही हेच औषध.

दोनाचा_एक

असेल, पण दोन गुंडे एकमेकांत इतके अडकतात की अर्धा वेळ गुंता सोडवण्यात जातो. मला नाही जमलं. मी साधं करते, वहीत फेरे लिहिते. नळी ६० फेरे, टाच ३२ ओळी, गाभा (टाचेनंतर टाके कमी करत जातो तो भाग) इतके, पाऊल इतके. दुसरा मोजा पट्टी न लावता वहीवरून. मापलेला मोजा त्या दिवशीच्या ताणावर अवलंबून असतो, मोजलेला नसतो.

धुकंच_धुकं

मोजलेलाही असतो की! याच धाग्यात ३२ ओळींनी दगा दिला. दोनाचा_एक, तुमचा मुद्दा सुई न बदलण्यावर टिकलाय.

दोनाचा_एक

बरोबर. सुई सारखी असेल तरच मोजणी. हे आधी लिहायला हवं होतं.

भंडारा

मी पट्टणकोडोलीचा. यात्रेत भंडाऱ्याबरोबर लोकर उधळतात ती आमच्या मेंढरांची. धागा वाचून हौस आली, आजीनं चातीवर काढलेली सुताची लडी घरात होती, बायकोला म्हटलं मोजा करून बघ. झाला. पण पायात घालून चार पावलं चाललो आणि काढला, काटेरी तारेवर पाय ठेवल्यासारखं झालं. दख्खनी मेंढीचा केस जाड आणि आखूड, घोंगड्यासाठी तेच पायजे. वर चिंचोक्याची खळ दिली की घोंगडं उभं राहतं. मोज्याला उभं राहून चालत नाही.

त्याच मोज्याला गरम पाण्यात साबण लावून रगडला, आकसून नमद्यासारखा घट्ट झाला. आता बा त्याचा तळवा कापून चपलेत घालतो, म्हणतो गार लागत नाही. दुसरा मोजा केलाच नाही.

धुकंच_धुकं

म्हणूनच मोज्याला मेरिनो मेंढीची लोकर घेतात, केस २० मायक्रॉनच्या आसपास. त्यात २५ टक्के नायलॉन घातलेली लोकर मोज्यांसाठी म्हणून वेगळी मिळते, कारण टाच आणि अंगठा सगळ्यात आधी झिजतात. नायलॉन नसलेली लोकर असेल तर टाचेत एक बारीक नायलॉनचा दोरा जोडीनं विणा. आणि दुकानातली बाळाची अ‍ॅक्रिलिक लोकर मोज्याला नको. घाम शोषत नाही.

पायताण

एवढी चर्चा झाली, एक कुणीच विचारलं नाही. आप्पा कोल्हापुरी घालतात. कोल्हापुरीला अंगठा असतो. गोल तोंडाच्या मोज्यावरून अंगठ्यात बोट जातं कसं?

सुलट_उलट

जात नाही :( कोंबतात. मोजा पुढं ओढला जातो, चप्पल फट फट वाजते. मला वाटलं सवय होईल.

पायताण

आमचं घर चपलांचंच, चार पिढ्या. चपलेचा अंगठा हा पायाला धरतो, पट्टा नुसता साथ देतो. अंगठ्याच्या आणि शेजारच्या बोटाच्या मध्ये कापड दाटलं की पकड गेली. म्हातारा माणूस, पहाटेचा अंधार, रंकाळ्याच्या पायऱ्या. पडतील एखाद वेळी. एक तर मोज्याला अंगठा काढा नाहीतर मोजा नको.

सुलट_उलट

आप्पा पडायचं सांगून पोटात गोळा आणलात. पण खरं आहे.

धुकंच_धुकं

आणि हे काही नवीन नाही! लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये लाल लोकरीचा एक जोड आहे, इजिप्तमध्ये ऑक्सिऱ्हिंकसला सापडलेला, इसवी सन २५० ते ४२०च्या दरम्यानचा. त्याला अंगठा वेगळा आणि बाकीची चार बोटं वेगळी, चपलेत घालायला म्हणून. दोन सुयांचं विणकाम नाही ते, एकाच सुईनं आखूड दोऱ्याच्या गाठी ओवत केलेलं, नालबाइंडिंग म्हणतात त्याला. आपलं विणकाम बरंच नंतरचं. म्हणजे लोकांनी आप्पांची अडचण सोळाशे वर्षांपूर्वी सोडवून ठेवलीय.

रंकाळ्याचा_वारा

लई भारी. आप्पा इजिप्तचे निघाले.

दोनाचा_एक

तर मग दोन कामं एकदम करू. धाकटा टाचेच्या वरपर्यंत उसवा. नळीच्या घेराचा प्रश्न उरतोच, म्हणून मी तर म्हणेन पूर्ण उसवा आणि त्याच स्टीलच्या सुयांवर घ्या. चार उरल्यात ना? तीनवर टाके, चौथीनं विणायचं, आमच्या आयांनी तसंच केलं. सुई बदलताना दुसरा टाका जरा ओढून घ्या, नाहीतर तिथं शिडी दिसते. उसवलेली लोकर कुरळी होते, लडी करून ओली करा आणि टांगून वाळवा, तशीच विणलीत तर माप परत हुकेल.

टाच नेहमीचीच. ३२ टाक्यांवर ३२ ओळी, मग वळण, १८ टाके सुलट, दोनाचा एक (दोन टाके एकत्र विणून), एक सुलट, उलटून एक उचलून पाच उलट, दोनाचा एक, एक उलट, असं करत १८ उरतात. दोन्ही कडांवरून १६-१६ उचला. एकूण ८२. एक फेरा सोडून दोन-दोन कमी करत नऊ वेळा, की परत ६४.

थोरल्याचा फक्त पुढचा भाग उसवा. बोटाकडून सुरू केलंत तर पटकन येईल.

अंगठ्याचं मी कधी केलेलं नाही. जाणकार सांगतील.

धुकंच_धुकं

मी दोनदा केलंय. आप्पांचा पाय जमिनीवर ठेवून टाचेपासून अंगठ्याच्या बेचक्यापर्यंत मापा. तेवढं पाऊल झालं की टाके वाटा, वरचे ११ आणि तळाचे ११ अंगठ्याला, उरलेले ४२ चार बोटांना. बेचक्यात ४ टाके नवीन घाला. अंगठा २६ टाक्यांचा होतो, तुमच्या मापानं पावणेनऊ सेंमीच्या आसपास, तो पुरतो. त्याची लांबी झाली की पटकन कमी करत बंद करा. मग बोटांचे ४२ आणि बेचक्यातले ४ उचलून ४६वर नेहमीसारखं टोक काढा. बेचक्यात भोक राहिलं तर नंतर शेपटीच्या दोऱ्यानं शिवून घ्या, सगळ्यांचंच राहतं.

गुजरी_गल्ली

वाचनखूण साठवली.

सुलट_उलट (अठरा दिवसांनी)

धागा वर काढतोय.

रंकाळ्याचा_वारा या पोरानं व्हर्नियर लावला. स्टीलची २.७४, बांबूची २.५१. दुकानदाराला काही बोललो नाही.

धाकटा पूर्ण उसवला. उसवताना आप्पा समोर बसले होते, "मेहनत सगळी पाण्यात" म्हणाले आणि गुंडा धरायला हात पुढे केला. परत विणला, चार सुयांवर. आता १० सेंमीत ३० टाके, ४०.५ ओळी. एवढं चालेल ना? टाच ८ सेंमी भरली. थोरल्याचं टोकही उसवून त्याला अंगठा काढला. दोन्ही पूर्ण. फोटो टाकतोय.

माजी_हवालदार

टाच बेस्ट.

मोरपंखी_पुणे

अप्रतिम! ताई :)

पायताण

फोटो नीट बघा. दोन्ही डावे हायत.

सुलट_उलट

काय??

पायताण

दोन्ही मोज्यांची टाच खाली ठेवून वरून बघा. अंगठा दोन्हीकडं उजव्या हाताला आलाय. म्हणजे दोन्ही डाव्या पायाचे. आमच्यात पोरगं शिकायला बसलं की पहिल्या महिन्यात हेच करतं.

सुलट_उलट

अगं आई गं.

दोनाचा_एक

हे माझ्याही लक्षात यायला हवं होतं. गोल तोंडाच्या मोज्याला डावा-उजवा नसतो, चाळीस वर्षांत तो विचारच करावा लागला नाही. अंगठा काढला की जोड सारखा नको, आरशातला हवा.

धुकंच_धुकं

चूक माझी, वाटणी सांगितली पण बाजू सांगितली नाही. विणताना सुया वर, पावलाची वरची बाजू आपल्याकडं, म्हणजे आपलाच पाय वरून बघितल्यासारखं दिसतं. डाव्या पायाला अंगठा उजवीकडं, म्हणजे वरच्या टाक्यांतले पहिले ११ आणि तळाचे शेवटचे ११. उजव्या पायाला वरचे शेवटचे ११ आणि तळाचे पहिले ११. बाकी सगळं तेच.

त्यातल्या त्यात बरं एवढंच की वाटणीपर्यंत मोजा कुठल्याही पायाचा असतो. एकाचं टोक तेवढं उसवायचं.

रंकाळ्याचा_वारा

वैनी, उसवू नका. आमच्या तालमीत एक डावखुरा स्ट्रायकर हाय, त्याला दोन्ही पायांनी डाव्यानंच मारायचं असतं.

सुलट_उलट

तू गप बस जरा.

आप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "मग थोरल्याचं उसव. धाकट्यानं बिचाऱ्यानं लई सोसलंय." थोरल्याचं टोक उसवलंय, टाके सुईवर घेतलेत. ६४ हवेत आणि तीनदा मोजले तरी ६३ भरतायत. फोन ठेवतो, आधी तो एक शोधतो.